दिवेलागणीला उजाडणारा सण

२०२६ च्या कॅलेंडरात योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास, २१ सप्टेंबरला सोमवारी दाखवलेला असतो. तारीख बरोबर आहे. पण त्या सोमवारी सकाळी तुम्ही एखाद्या ज्यू शेजाऱ्याच्या घरी गेलात, तर त्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही गेल्याला बारा तास उलटलेले असतील. उपास रविवारीच लागला, आणि तोही दिवस पुरता मावळायच्या आत.

आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री आणि ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला. एवढं सांगून बहुतेक माहितीची पुस्तकं पुढे सरकतात. पण दोन हजार वर्षं ज्यू धर्मपंडितांनी ज्यावर शाई खर्च केली तो प्रश्न यानंतरचा आहे. सूर्यास्ताला म्हणजे नक्की कधी? बिंब बुडताना, लाली ओसरल्यावर, की आभाळात तारे दिसल्यावर? आणि या वेळांचा मेळ बसत नसेल तर दिव्याला काडी केव्हा लावायची? सण लागला की काडी ओढणं निषिद्ध, त्यामुळे हा वाद पुस्तकातला राहत नाही. तो थेट स्वयंपाकघरात येतो.

दिवस संध्याकाळी सुरू होतो याला मुख्य आधार तोरा या मूळ धर्मग्रंथातले दोन. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सृष्टीचे सहा दिवस मोजताना प्रत्येक दिवसाची संध्याकाळ आधी सांगितली आहे, सकाळ नंतर. दुसरा आधार लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातला. योम किप्पुर महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो, पण उपासाची आज्ञा देताना तिथे नवव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढच्या संध्याकाळपर्यंत असं स्पष्ट बजावलं आहे.

गंमत अशी की हे सगळ्यांना इतकं सरळ वाटलं नाही. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये रशबाम नावाचा मोठा भाष्यकार होऊन गेला. राशी या प्रख्यात भाष्यकाराचा हा नातू. शब्दाला शब्द लावून अर्थ सांगण्याचा त्याला नाद होता. उत्पत्तीच्या त्या ओळींचा त्याने लावलेला अर्थ असा, की आधी उजेडाचा दिवस संपत आला, मग रात्र सरून पहाट झाली आणि तेव्हा एक दिवस पुरा झाला. म्हणजे सकाळ ते सकाळ! आचरणात रशबामने काडीचाही बदल सुचवलेला नाही, पण असा अर्थ पसरला तर शुक्रवारी रात्री, म्हणजे शब्बाथ हा शनिवारचा विश्रांतीचा दिवस लागल्यावरही, लोक दिवे पेटवतील, ही धास्ती इतरांना वाटलीच. इब्न एझ्रा या स्पेनच्या फिरस्त्या पंडिताने ११५८ साली लंडनमध्ये असताना ‘इग्गेरेत हा-शब्बात’, म्हणजे शब्बाथचं पत्र, हा छोटा ग्रंथ लिहिला. स्वप्नात खुद्द शब्बाथनेच आपल्याला पत्र पाठवून तक्रार केली, अशी त्याची सुरुवात आहे. सकाळी दिवस सुरू होतो म्हणणाऱ्या भाष्यांवर त्यात त्याने आसूड ओढले आहेत. यरुशलेमच्या मंदिरात बळींच्या मांसाचा हिशेब मात्र खरोखरच उलटा होता. दिवस आधी, त्याची रात्र नंतर. एकाच धर्मात दोन घड्याळं, आणि दोन्हींना शास्त्राधार.

आता त्या तिन्हीसांजेकडे येऊ. हिब्रूत तिला ‘बेन हश्माशोत’ म्हणतात, दोन सूर्यांच्या मधली वेळ. ना धड दिवस, ना धड रात्र. आपल्याकडे कातरवेळी झोपू नये, उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, म्हणजे या वेळेचा नेमकेपणा कुणालाच देता येत नाही हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. तालमुद या धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातल्या शब्बाथ प्रकरणात तीन गुरूंची तीन मतं शेजारी शेजारी नोंदलेली आहेत. रब्बी यहुदा म्हणतो, बिंब बुडाल्यापासून पूर्वेकडे लाली आहे तोवर तिन्हीसांज. रब्बी नहेम्याच्या मते सूर्यास्तानंतर माणूस अर्धा ‘मिल’ चालेल तेवढा वेळ. मिल म्हणजे दोन हजार हात, साधारण एक किलोमीटर. रब्बी योसेचं म्हणणं सगळ्यांत अवघड. तिन्हीसांज म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढाच क्षण, रात्र आत येते आणि दिवस बाहेर पडतो, आणि हा क्षण कुणाला पकडता येत नाही.

(हे ‘रब्बी’ म्हणजे धर्मगुरू. गव्हाच्या हंगामाशी त्यांचा संबंध नाही.)

मग सामान्य माणसाने काय करायचं? बाबिलोनमधल्या श्मुएलने त्याला जमेल असं मोजमाप दिलं. एक तारा दिसला तर अजून दिवस, दोन दिसले तर तिन्हीसांज, तीन दिसले की रात्र. श्मुएल स्वतः ग्रहताऱ्यांचा जाणकार, त्यामुळे त्याचा शब्द वजनाचा. पण लगेच पुरवणी आलीच. दिवसाउजेडीही दिसतात ते मोठे तारे धरायचे नाहीत, फक्त गडद रात्री दिसतात ते बारीकही नाहीत, मधल्या चणीचे धरायचे. आता मधल्या चणीचा तारा ओळखायचा कसा, या पेचामुळे पुढच्यांनी आणखी सावध होऊन तीन बारीक तारे, तेही जवळजवळ दिसलेले, असा दंडक घातला. आजची वेळापत्रकं काढणारे गणिती त्यासाठी सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेलेला धरतात. विषुवदिनी यरुशलेममध्ये याला सूर्यास्तानंतर ३६ मिनिटं लागतात, मुंबईत ३२ च्या आसपास. लंडनला जूनमध्ये तेवढंच खाली जायला सूर्य सव्वा तास घेतो. तारे तेच, शास्त्र तेच, पण पृथ्वीवर तुम्ही कुठे उभे आहात यावर तिन्हीसांजेची लांबी ठरते.

तालमुदमध्येच दोन ठिकाणी दोन आकडे आल्याने आणखी एक घोळ होऊन बसला. शब्बाथ प्रकरणात सूर्यास्त ते रात्र हे अंतर पाऊण मिल चालण्याएवढं सांगितलं आहे, तर वल्हांडण (पासओव्हर) या सणाच्या प्रकरणात चार मिल. एक मिल चालायला १८ मिनिटं धरली तर पाऊण मिलची साडेतेरा मिनिटं होतात आणि चार मिलची ७२. हा फरक साधा नाही. रशबामचा धाकटा भाऊ रब्बेनु ताम याने त्यातून वाट काढली, की सूर्यास्त दोन असतात. पहिला बिंब बुडण्याचा, दुसरा आभाळातून उजेड पुरता निघून जाण्याचा. धर्माच्या दृष्टीने दिवस दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत चालतो. शतकानुशतकं युरोपातले कित्येक ज्यू या मताने चालले. अठराव्या शतकात ‘विल्नाचा गाओन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडिताने ते मोडून काढायचा प्रयत्न केला. त्याचा युक्तिवाद पंडिती नव्हता. बाहेर येऊन आभाळ बघा, एवढंच त्याचं म्हणणं. बिंब बुडाल्यावर तासभर दिवस असतो हे डोळ्यांना पटतं का? मला तरी गाओनची बाजू पटते. पण रब्बेनु तामला अडगळीत टाकलं गेलं नाही हेही खरं. आजही हसिदी पंथाची अनेक मंडळी शब्बाथ संपवताना त्याचीच ७२ मिनिटं मोजतात.

इथे ज्यू शास्त्राची एक खोड लक्षात येते. वाद मिटवण्यावर त्याचा फारसा भर नाही. शंका उरणारच, तर शंकेच्या वेळात वागायचं कसं, हे ते ठरवून टाकतं. सुरुवात करताना सगळ्यांत लवकरची वेळ धरा, सोडताना सगळ्यांत उशिराची. म्हणून तिन्हीसांज सणाच्या दोन्ही टोकांना मोजली जाते आणि चोवीस तासांचा सण प्रत्यक्षात पंचवीस तासांचा होतो. रब्बी योसेच्या तोंडी तालमुदने एक इच्छा घातली आहे. तिबेरियासमध्ये शब्बाथ लावणाऱ्यांत आणि सेप्फोरिसमध्ये शब्बाथ सोडणाऱ्यांत आपला वाटा असावा, अशी. दोन्ही गावं गालिलातली. तिबेरियास सरोवराकाठी खोलगट जागी, तिथे डोंगराच्या सावलीने लवकर अंधारतं. सेप्फोरिस टेकडीवर, तिथे ऊन शेवटपर्यंत रेंगाळतं. लवकर यावं, उशिरा जावं. पाहुण्याला आपण जे म्हणतो तेच तो सणाला म्हणतोय.

शंकेपोटी येणाऱ्या या मिनिटांखेरीज शास्त्राने मुद्दाम आणखी थोडी भर घालायला सांगितली आहे. तिचं नाव ‘तोसेफेत’, म्हणजे पुरवणी. साध्या वेळेतून थोडी काढून पवित्र वेळेत घालायची. किती, याला बंधन नाही. दोन मिनिटंही चालतात. योम किप्पुरच्या आज्ञेत नववा दिवस कशाला आला, उपास तर दहाव्याचा, या शंकेतूनच तालमुदने ही भर काढली.

घरात ती दिसते मेणबत्त्यांच्या रूपाने. बहुतेक गावांत घरची बाई सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी दिवे लावते, आणि तिने दिवे लावले की तिच्यापुरता सण लागला. यरुशलेमची जुनी रीत ४० मिनिटांची, हैफाची ३०. शुक्रवारी यरुशलेममध्ये दिवे लावायच्या वेळी भोंगा होतो. परक्या माणसाला तो हवाई हल्ल्याचा वाटावा, पण त्याची वंशावळ मंदिरापर्यंत जाते. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस सांगतो, की शब्बाथ लागताना आणि सुटताना एक याजक मंदिराच्या कोपऱ्यावर उभा राहून तुतारी फुंकायचा. १९६८ मध्ये बेंजामिन मझार यांच्या उत्खननात मंदिराच्या दक्षिण भिंतीच्या पायथ्याशी, नैर्ऋत्य कोपऱ्याजवळ एक दगड सापडला. तुतारी फुंकण्याच्या जागेचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे. तो दगड आता इस्राएल म्युझियममध्ये आहे.

गावोगावच्या तुताऱ्यांचा क्रमही तालमुदात आहे आणि मला तो फार आवडतो. पहिली वाजली की शेतातली कामं थांबायची, दुसरीला दुकानाच्या फळ्या लागायच्या, तिसरीला दिवे. त्यानंतर फुंकणारा थोडा थांबायचा. किती? एक लहान मासा भाजून व्हावा किंवा तंदुराला एक भाकरी चिकटावी इतका. मग शेवटच्या तीन, आणि शब्बाथ. ज्या धर्मपंडितांना अर्धा मिल की पाऊण मिल यावर वाद घालायला वेळ होता, त्यांना भुकेल्या घरातली शेवटची घाईही ठाऊक होती.

फार लवकरही चालत नाही. दुपारी तीनला दिवे लावून कोणी सण सुरू झाला म्हणेल तर तो ग्राह्य नाही. त्याची सीमा ‘प्लाग हमिन्हा’, सूर्यास्तापूर्वी सव्वा तास. हा तास घड्याळाचा नव्हे. आपण राहुकाळ काढताना जसे दिवसमानाचे आठ भाग करतो तसे इथे बारा करतात, आणि एक भाग म्हणजे एक तास. उन्हाळ्यात तास फुगतो, हिवाळ्यात आक्रसतो. लंडनमध्ये जूनच्या शुक्रवारी सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. तोवर मुलं पेंगतात. म्हणून तिथली घरं साडेसातच्या पुढे, प्लाग उलटल्यावर, भर उन्हात शब्बाथ लावून जेवायला बसतात. सूर्य अजून मावळलेला नाही आणि आठवड्याचा सातवा दिवस घरात आलाय, असा हा शास्त्रसंमत चमत्कार.

हे सगळं शब्बाथचं. वर्षाचे सण आले की प्रत्येकाची आपली वेगळी अट असते.

वल्हांडणाच्या रात्री जो सेदर नावाचा विधी आणि जेवण होतं, ते लवकर उरकता येत नाही. बेखमीर भाकरी, मात्सा, ही पूर्वीच्या वल्हांडणाच्या कोकराच्या जागी येते, आणि ते कोकरू रात्रीच खायची आज्ञा होती. म्हणून सेदरमधल्या वाइनच्या चार प्याल्यांपैकी पहिलादेखील तारे दिसल्यावर. मुलं जागी ठेवायची तर दुपारी झोपवून ठेवा, असा यावरचा पिढीजात उपाय.

शावुओतचा नियम तर त्याहून कडक. वल्हांडणापासून सात आठवडे, एकोणपन्नास दिवस मोजून हा सण येतो, आणि ते आठवडे पुरे असावेत असं वचन आहे. मग एकोणपन्नासावा दिवस पुरा मावळायच्या आत सण लावला तर मोजणीला उणीव येईल. ही बारीक शंका मुख्यतः सतराव्या शतकातल्या पोलंडकडच्या पंडितांनी काढली आणि जगभर मान्य झाली. जिथे इतर वेळी भर घालणं पुण्याचं, तिथे इथे वाट बघणं पुण्याचं.

योम किप्पुरचं नेमकं उलटं. त्याची पहिली प्रार्थना कोल निद्रे, नवस-शपथांतून मोकळं करणारी. तिचं रूप कोर्टातल्या कामकाजासारखं आहे, आणि कोर्टाचं काम सणाच्या दिवशी होत नाही. म्हणून ती ऊन असतानाच सुरू करतात. प्रार्थनेची झालरीची शाल, तल्लिथ, वर्षभर सकाळी पांघरायची. त्या एका संध्याकाळी मात्र ती सूर्यास्ताआधी अंगावर घेऊन पुरुष रात्रीच्या प्रार्थनेला उभे राहतात. छोट्या उपासांना यातलं काही लागू नाही. ते पहाटे लागतात आणि तारे दिसले की सुटतात, आपल्या दिवसभराच्या उपासासारखे.

सणाच्या दिव्यांचंही एक निराळं प्रकरण आहे. शब्बाथला ज्योतीला हात लावता येत नाही, पण सणाला आधीच्या ज्योतीवरून दुसरी लावता येते, स्वयंपाकही करता येतो. नवी काडी मात्र ओढायची नाही. म्हणून अनेक घरांत दोन दिवस टिकणारी मेणबत्ती किंवा गॅसची मंद शेगडी पेटती ठेवतात. या फरकावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोलंडमधली एक विदुषी बेइला हिने एक मत दिलं. नवरा यहोशुआ फाल्क हा मोठा पंडित. शब्बाथला बाई आधी दिवा लावते आणि नंतर आशीर्वचन म्हणते, कारण म्हटल्यावर शब्बाथ लागला आणि ज्योत निषिद्ध झाली. पण सणाला ज्योत निषिद्ध नाहीच, तर नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे आधी म्हणावं, मग लावावं, असं तिचं म्हणणं. मुलाने वडिलांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आईचं हे मत अभिमानाने नोंदवलं. पुढे काहींनी आक्षेप घेतला, पण आजही कित्येक घरांत सणाचे दिवे बेइलाच्या पद्धतीने लागतात. शास्त्राच्या इतिहासात बायकांची नावं फार थोडी सापडतात, म्हणून हे नाव इथे घातलंच पाहिजे असं वाटलं.

आतापर्यंत प्रश्न वेळेचा होता. त्याहून मोठा प्रश्न दिवसाचा. महिना चांद्र, कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तीस. यरुशलेमचं धर्मपीठ चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन महिना जाहीर करायचं. साक्षीदारांनी यावं म्हणून त्यांना मोठ्या मेजवान्या असत. निकाल लागला की जैतूनाच्या डोंगरावर देवदाराच्या लांब काठ्या पेटवून हलवायच्या, ते बघून पुढच्या टेकडीवर, मग पुढच्या, अशी बाबिलोनपर्यंत बातमी जायची. मिश्ना या तालमुदच्या मूळ संहितेच्या म्हणण्याप्रमाणे विरोधी पंथाच्या लोकांनी खोटे जाळ केले, तेव्हा जाळ बंद करून दूत पाठवू लागले. दूत वेळेत पोचत नसत. म्हणून दूरदेशीच्या ज्यूंनी शंकेपोटी प्रत्येक सण दोन दिवस पाळायला घेतला, आणि पुढे पंचांग गणिताने पक्कं झाल्यावरही वाडवडिलांची रीत म्हणून तो दुसरा दिवस सुटला नाही. एकादशी स्मार्त आणि भागवत अशी दोन दिवस आली की आपल्याकडे घरोघर जी चर्चा होते ती आठवा. उपासाचा योम किप्पुर तेवढा एकच दिवस राहिला. दोन दिवसांचा निर्जळी उपास जिवावर बेतला असता. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, मात्र इस्राएलमध्येही दोन दिवस, कारण तो महिन्याच्या पहिल्याच दिवशी येतो. साक्षीदार संध्याकाळपर्यंत आले तर आज सण, नाही तर उद्या. ज्या सणाची तारीख तो सुरू झाल्यावर कळते तो आदल्या रात्रीपासूनच पाळायला लागणार.

गणिताचं पंचांग परंपरेने चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिल्लेलच्या नावावर आहे. त्यात महिन्याची सरासरी २९ दिवस, १२ तास आणि तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भाग. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ऋतूंशी मेळ घातला जातो. अधिक मास आपल्याला परका नाही, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही. पण गणित आलं म्हणून भांडण संपलं नाही. ९२२ साली पॅलेस्टाइनमधल्या बेन मेईर या पंडिताच्या हिशेबाने वल्हांडण रविवारी आला आणि बाबिलोनच्या हिशेबाने मंगळवारी, आणि दोन्ही दिवशी तो पाळला गेला. बाबिलोनच्या बाजूने लढणारा सादिया पुढे गाओन, म्हणजे तिथल्या विद्यापीठाचा प्रमुख, झाला आणि बाबिलोनचं पंचांग राहिलं.

अशा वेळी निकाल कुणाचा? मिश्नात एक गोष्ट आहे. मंदिर पडल्यानंतर यावने गावच्या धर्मपीठाचा प्रमुख रब्बान गमालियेल याने दोन साक्षीदारांवर विश्वास ठेवून महिना लावला. दुसऱ्या रात्री चंद्र दिसलाच नाही. साक्षीदार खोटे, या मताला रब्बी यहोशुआने दुजोरा दिला. गमालियेलने त्याला निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पुर येतो त्या दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे आपल्या सगळ्यांत पवित्र दिवशी उघडउघड नियम मोडून. यहोशुआ बेचैन झाला. रब्बी अकीवाने त्याची समजूत घातली, की धर्मपीठाने ठरवला तो दिवस खरा, चुकून ठरवला तरीही. तो काठी-पैसे घेऊन गेला. गमालियेल उठून उभा राहिला आणि त्याने त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. ज्ञानाने तू माझा गुरू, आणि माझं ऐकलंस म्हणून शिष्य, अशा अर्थाचं तो बोलला. चंद्राच्या बाबतीत यहोशुआ बरोबर असेलही. सण मात्र गमालियेलचा ठरला.

धर्मपीठच नसेल तर काय होतं ते १९४१ मध्ये दिसलं. लिथुआनियातल्या कौनास शहरी जपानचे वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी आदल्या वर्षी दिलेल्या व्हिसांवर हजारो निर्वासित ज्यू जपानला पोचले होते. काही अजून कोबेमध्ये होते. योम किप्पुर आला १ ऑक्टोबरला, बुधवारी. पण बुधवार कुणाचा? तारीखरेषा पॅसिफिक महासागरात ओढली ती युरोपीय नकाशाकारांनी. ज्यूंच्या धर्मात दिवस कुठून मोजायला लागायचा? जपान त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे? तारा यरुशलेमला गेल्या. मुख्य धर्मगुरू हर्झोग यांनी पंडितांना जमवलं आणि उत्तर आलं: तिथल्या बुधवारी उपास करा, ज्यांना शंका असेल त्यांनी गुरुवारीही थोडंथोडं, बेताने खावं. पण ‘हझोन ईश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडिताच्या मते रेषा यरुशलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर होती, म्हणजे जपान तिच्या पलीकडे. त्याने वेगळी तार केली: बुधवारी जेवा, गुरुवारी उपास करा, घाबरू नका. बाराव्या शतकातल्या ग्रंथांवर आधारलेलं मत आणि समोर दोन दिवस निर्जळी राहायची वेळ. या निर्वासितांतल्या मिर येशिवा या धर्मपाठशाळेची बरीच मंडळी तोवर शांघायला गेली होती. शांघाय त्या रेषेच्या अलीकडे पडतं, त्यामुळे तिथे सगळ्यांच्याच मते बुधवारच योम किप्पुर होता.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे ना धर्मपीठ होतं ना तालमुद. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सणांना त्यांनी मराठी नावं दिली होती. रोश हशानाला नव्याचा सण, योम किप्पुरला दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, कुणाला न भेटता ते घरात राहायचे. त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण. मिलचे हिशेब आणि अंश त्यांच्यापर्यंत पोचले नसतील, पण दार कधी लावायचं ते त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा २० सप्टेंबर २०२६ ला मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या बेने इस्राएल ओळखीच्या माणसाला उपासाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील, तर सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला आहे हे लक्षात ठेवा आणि फोन दुपारी करा. ते जेवत असतील तर संकोच नको. योम किप्पुरच्या आदल्या दिवशी पोटभर जेवणं हे तालमुदने उपासाच्याच बरोबरीचं धर्मकृत्य मानलं आहे.